एका रात्रीत संपवलेली थरारकथा दोन दिवसांत का विसरते?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "मैत्रिणीनं एक थरारक कादंबरी वाचायला दिली. नायिका पूर्वी गुप्तहेर खात्यात होती, आता भावाच्या खुन्यांच्या मागावर आहे. रात्री दहाला हातात घेतली ती पहाटे साडेतीनला संपवूनच खाली ठेवली. वाचताना कसलंही भान नव्हतं. पण दोन दिवसांनी मैत्रिणीनं विचारलं, तर शेवट सोडून मला धड काही सांगता आलं नाही. सासरे म्हणतात, असल्या पुस्तकात वेळ घालवण्यापेक्षा काही चांगलं वाच. आता नववीतली लेक तेच पुस्तक मागतेय. अशी पुस्तकं निवडावी कशी, वाचावी कशी, आणि तिला द्यावं का?"

ताई, पहाटे साडेतीनपर्यंत एखाद्या पुस्तकानं तुम्हाला जागं ठेवलं, म्हणजे त्या लेखकाला त्याचं काम येतं. हे आधी मान्य करू. दिवसभर नोकरी, घर, स्वयंपाक करून थकलेल्या माणसाला साडेपाच तास एका जागी खिळवून ठेवणं ही साधी गोष्ट नाही. मी महाद्वार रोडजवळच्या एका बोळात एकतीस वर्षं भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय चालवलं. आता ते बंद केलंय, पण नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचून द्यायचं काम चालू आहे आणि त्यातली निम्मी थरारकथांचीच असतात. त्यामुळे या पुस्तकांबद्दल मी बोलते ते प्रेमानं बोलते.

माझ्याकडे सगळ्यात जास्त फिरायची ती हीच पुस्तकं. खाकी कव्हर घातलेली, पाठीवर नंबर, कोपरे मऊ पडलेले. बायका ती पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून न्यायच्या. एक काकू होत्या, मंगळवार पेठेतल्या, आठवड्याला चार न्यायच्या. पुस्तक परत आलं की मी पानं चाळायची, कारण काही टवाळ मुलं पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायची. काकूंच्या पुस्तकात मात्र पेन्सिलीचे बारीक टिंब असायचे, समासात, अगदी फिक्कट. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "इथं मी थांबलो. आता ही बाई काय करंल, ते मनात धरलं, मग पान उलटलं." मी पुढं जे काही सांगणार आहे त्याचं मूळ त्या टिंबांत आहे.

तुम्ही कुस्ती पाहिली असेलच. कोल्हापुरात राहून खासबाग मैदानात एकदाही न गेलेलं माणूस विरळाच. सलामी झाल्यावर दोघे मल्ल बराच वेळ नुसते एकमेकांना अजमावत असतात. मानेवर हात टाकतात, झटकतात, एक पाऊल पुढं, एक मागं. याला आपण खडाखडी म्हणतो. नवखा माणूस तेवढ्या वेळात शेंगा सोलतो, शेजाऱ्याशी बोलतो, आणि एकदम आरडाओरडा झाला की मान वर करतो. तोवर एक जण चितपट झालेला असतो. त्याला दिसतं ते इतकंच की कोण जिंकलं. शेजारी बसलेला जुना जाणकार मात्र खडाखडीतच सगळं बघत असतो. उजवा पाय जरा जास्त पुढं येतोय, मानेवरच्या हाताचा जोर कमी झालाय, आता पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, निघणार. आणि खरंच निघतो. कुस्ती दोन मिनिटांची असो, हा माणूस ती आठवडाभर सांगू शकतो.

तुम्ही त्या रात्री शेंगा सोलत बसला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण थरारकथा हातात आली की डोळा आपोआप पळतो. शांत पान आलं की दोन ओळी वाचायच्या, बाकी नजरेनं पुसून काढायचं, आणि पुढं जिथं धावाधाव आहे तिथं पोचायचं. म्हणजे खडाखडी गाळायची आणि फक्त पडणं बघायचं. शेवट सोडून काही आठवत नाही, त्याचं कारण हेच. शेवट हा निकाल असतो, तो लक्षात राहणारच. तो तसाच का लागला, हे ज्या पानांत होतं त्यांवरून डोळा नुसता घसरत गेला.

आपल्याच गावातलं दुसरं उदाहरण देते, कारण वेग म्हणजे काय हे मला त्यातून नीट कळलं. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात, जागतिक अजिंक्यपद मिळवलं. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं. दोघी कोल्हापूरच्या. या पंचवीस मीटर पिस्तूलचा दुसरा टप्पा कसा असतो ते सांगते. लक्ष्य फक्त ३ सेकंद खुलं होतं. तेवढ्यात खाली धरलेला हात उचलायचा, नेम धरायचा आणि एकच गोळी झाडायची. मग ७ सेकंद लक्ष्य बंद. पुन्हा ३ सेकंद. असं पाच वेळा. बघणारा म्हणेल, किती वेगवान खेळ! पण हिशेब करा, ३ सेकंद कृती आणि ७ सेकंद वाट. त्या सात सेकंदांत नेमबाज श्वास आवरते, मागची गोळी मनातून काढून टाकते, खांदा सैल करते. पुढचा नेम त्या सातांतच ठरत असतो.

चांगली थरारकथा याच मापानं चालते. तीनाचं पान आणि साताचं पान. ज्या पुस्तकात नुसते तीनच तीन असतात, दर पानावर स्फोट, दर प्रकरणात पाठलाग, ते शंभराव्या पानापासून सपक लागायला लागतं. हस्तलिखितं वाचताना नवीन लेखकांना मी हेच सांगते, की बाबा, तुझ्या नायिकेला जरा कुठंतरी बसू दे, चहा पिऊ दे, आणि चहा पिताना तिच्या मनात काय चाललंय ते आम्हाला कळू दे.

आता करायचं काय ते सांगते. अगदी सोपं आहे. नायिका कुठल्यातरी निर्णयाशी येऊन उभी राहते, दाराबाहेर, फोनसमोर, फाट्यावर, तिथं पुस्तक बोट घालून मिटायचं. दहा सेकंद. जास्त नको, नाहीतर लय तुटते. त्या दहा सेकंदांत एवढंच विचारायचं: तिला आत्ता काय काय माहीत आहे, तिच्याकडे काय आहे, आणि मी असते तर काय केलं असतं? मग पान उलटायचं. सगळ्या पुस्तकात असे आठ-दहा थांबे पुरतात. काकूंचे टिंब कधीच बारा-तेराच्या वर नसायचे.

नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक प्रसंग मीच रचते. ऑगस्ट २०१९ आठवा. तो पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दर तासाला आकडा यायचा, इतके फूट इतके इंच, आणि अख्खं गाव तो आकडा वाचून गप्प व्हायचं. नुसत्या आकड्यानं छातीत धडधडायचं. थरार कशातून येतो याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. काय होणार ते ठाऊक आहे, कधी होणार ते इंचाइंचानं कळतंय, आणि आपण खुर्चीत बसलोय.

तर, असाच पूर चढतोय आणि पातळी ४१ फुटांवर आहे. आपली नायिका रुग्णवाहिका चालवते. मागच्या बाकावर एक जखमी माणूस आहे, एका खुनाचा एकमेव साक्षीदार. त्याला पोटात मार बसलाय, सीपीआर रुग्णालयात पोचवायचंय. ती शिये फाट्याला येते. महामार्गानं सरळ जायचं तर रस्ता अजून चालू आहे, पण पुढं पुलाच्या अलीकडं एक पांढरी गाडी दिवे बंद करून उभी आहे, आणि ती गाडी तिनं संध्याकाळी एकदा पाहिलेली आहे. दुसरा रस्ता शियेवरून कसबा बावड्याला. जवळचा. पण त्यावर पाणी आधी येतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक. ती काच खाली करते. पाऊस थांबलाय. लांबून बेडकांचा आवाज येतोय, आणि त्याच्याखाली आणखी एक आवाज, पाणी कशावरून तरी ओसंडतंय असा.

इथं बोट घाला.

तिला काय माहीत आहे? फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार हलवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक मोठ्या गाड्याही ओढून नेतं. रस्त्यावर पाणी किती ते अंधारात दिसत नाही. ओसंडण्याचा आवाज येतोय म्हणजे पाणी साचलेलं नाही, वाहतंय, आणि वाहतं पाणीच घातक. मागचा माणूस मिनिटाला एकदा कण्हत होता, आता दोन मिनिटं आवाज नाही. तिच्याकडे काय आहे? सायरन आहे. पांढऱ्या गाडीतल्यांना वाटतंय की ती लपूनछपून येणार. आणि सायरन लावून, सगळे दिवे लावून, भर महामार्गावरून, शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या अगदी लगत गेली तर? तेवढ्या लोकांदेखत तिला अडवायची त्यांची छाती होईल का?

बघा, अजून कुणी कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. पण ही बाई कशी आहे ते तुम्हाला कळलं. ती ऐकते, मोजते, मागच्या माणसाच्या श्वासाकडे एक कान ठेवते, आणि समोरच्याला काय वाटत असेल त्याचा अंदाज बांधते. पुढच्या पानावर ती जे करेल ते तुम्ही धरलं होतं तेच असलं तर आनंद, आणि त्याहून हुशार काही निघालं तर दुप्पट आनंद. असा प्रसंग वर्षभरानंही सांगता येतो, कारण तुम्ही त्यात भाग घेतलेला असतो.

खमकी नायिका खमकी कशानं होते, याचं माझं उत्तर यातच आहे. किती जणांना लोळवलं यावर मी तिला जोखत नाही. हातात वेळ नसताना, माहिती अर्धी असताना ती कसा हिशेब करते आणि त्याची किंमत कशी चुकवते, हे बघते. तुम्ही पुढं लिहिलंय की त्या पुस्तकातली नायिका तिसऱ्या मजल्यावरून उडी मारते आणि लगेच धावत सुटते, तिथं तुम्हाला जरा खटकलं. खटकायलाच हवं होतं. तिचा घोटा दुखला पाहिजे. पुढच्या प्रकरणात जिना चढताना तिनं कठड्याला धरलं पाहिजे, आणि शेवटच्या झटापटीत नेमका त्याच पायानं दगा दिला पाहिजे. दुखणं काढून टाकलं की शौर्यही निघून जातं. मग उरतं ते बाहुलीचं उड्या मारणं.

माझी भाची मर्दानी खेळ शिकायची. तालमीतल्या त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर बसून बघायची. पंचेचाळीस किलोची पोर, समोर तिच्या दीडपट वजनाचा मुलगा, दोघांच्या हातात लाठी. पहिले कित्येक दिवस वस्तादांनी तिला मारायला शिकवलंच नाही. नुसते पवित्रे. पाय कुठं, भार कुठल्या टाचेवर, वळायचं कुठल्या बाजूनं. एकदा त्या मुलानं डोक्यावरून जोरात लाठी आणली. तिनं ती अडवली नाही. अडवली असती तर मनगट गेलं असतं. ती अर्धं पाऊल तिरकी सरकली, त्याची लाठी मातीत बसली, धूळ उडाली, आणि तोवर हिच्या लाठीचं टोक त्याच्या बरगडीला नुसतं टेकलेलं होतं. वस्ताद एवढंच म्हणाले, "पाय बघा पोरीचे." तेव्हापासून मी कादंबरीतली मारामारी वाचताना पाय बघते. नायिका कुठं उभी आहे, भिंत कुठल्या बाजूला, दार किती लांब, हे लेखकानं सांगितलंय का? सांगितलं असेल तर मी ते पान हळू वाचते, कधी कधी उठून हात हलवून बघते. सांगितलं नसेल, नुसतेच ठोसे आणि लाथा असतील, तर मीही भराभर पुढं जाते, त्यात काही गमावल्यासारखं नाही.

अशा काही खऱ्या गोष्टी माहीत असल्या की वाचनाची गोडी वाढते. नुसत्या मुठीनं कवटीवर ठोसा मारला तर मारणाऱ्याच्याच तळहाताचं हाड मोडायची शक्यता मोठी, बहुतेक वेळा करंगळीच्या मागचं. म्हणून जाणती नायिका मूठ न वापरता तळहाताचा खालचा भाग वापरते, कोपर वापरते, किंवा हाताला लागेल ती वस्तू. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस क्षणात कोसळतो असं सर्रास लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्याला काही मिनिटं लागतात. डोक्यात घाव बसून कुणी तासभर बेशुद्ध पडला तर तो उठून पाठलाग करत नाही, त्याला थेट दवाखान्यात न्यावं लागतं. बंदुकीला आवाज दाबणारी नळी लावली म्हणून ती कुजबुजत नाही. आवाज २०-३० डेसिबलनं उतरतो, पण शेजारच्या खोलीत कळतोच. आणि बंद खोलीत नळी न लावता गोळी झाडली तर कान सुन्न होतात, पुढचं बोलणं ऐकू येत नाही. हे शेवटचं ज्या लेखकाला माहीत असतं त्याच्या हातात केवढा प्रसंग येतो बघा. दोघं शेजारी उभे आहेत, एक जण काहीतरी महत्त्वाचं ओरडून सांगतोय, आणि नायिकेला फक्त त्याचे ओठ हलताना दिसतायत.

चुका काढत बसायला हे सांगत नाही. एखादी चूक मी सहज सोडून देते. पण जो लेखक इतका विचार करतो, तो नायिकेच्या मनाचाही विचार करतो, असं मला एकतीस वर्षांत बहुतेक वेळा आढळलंय.

निवडायचं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न. जुन्या मराठी रहस्यकथांचा काळ आपल्या आई-आज्यांनी बघितला. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या एका माणसानं किती घरांना वाचनाची सवय लावली याची मोजदाद नाही. पण माझ्या कपाटातल्या त्या काळच्या पुस्तकांत बाई बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडायची, खुर्चीला बांधलेली नाहीतर पेल्यात विष कालवणारी. सोडवायला येणारा पुरुषच. आता चित्र खूप बदललंय, पण बदलाच्या नावाखाली एक नवी खोटी नायिकाही आलीय. तिच्या हातात पिस्तूल असतं, अंगात चामड्याचं जाकीट असतं, कव्हरवर ती वळून बघत असते, आणि आत तिच्या आयुष्यातला प्रत्येक मोठा निर्णय दुसराच कुणीतरी घेतो. साहेब पाठवतो म्हणून ती जाते, प्रियकर वाचवतो म्हणून वाचते, खलनायक स्वतःच सगळं सांगून टाकतो म्हणून तिला कळतं.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या एवढं करा. पहिली दहा पानं वाचा आणि नायिकेनं स्वतःहून काय केलं ते शोधा. मोठं असायला नको. ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास येऊन समोरच्या टपरीवर बसली, एवढंही चालेल. तिची पहिली ओळख तिच्या रूपावरून करून दिलीय की कामावरून, तेही दिसेल. मग पुस्तकाच्या मधोमध कुठलंही पान उघडा आणि तिचं आणि दुसऱ्या बाईचं बोलणं सापडतंय का बघा. ज्या कादंबरीत नायिकेला बोलायला दुसरी बाईच नाही, तिथं लेखकानं बाईमाणूस किती जवळून पाहिलंय याची मला शंका येते. शेवट मात्र उघडू नका. तिचं दुःख हेच तिचं एकमेव कारण आहे का, हेही तपासा. भावाचा खून झाला म्हणून सूड, ठीक आहे. पण त्याआधी ती कोण होती? तिला काय आवडायचं? तिला तिच्या कामाची आवड होती का? माणूस नुसत्या सुडावर तीनशे पानं चालत नाही.

कावळा नाक्यावरून जाताना घोड्यावरच्या ताराराणींकडे बघते तेव्हा हे नेहमी मनात येतं. राजाराम महाराज १७०० साली गेले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी राज्य लढतं ठेवलं. हे नुसत्या तलवारीवर झालं नाही. कुठला किल्ला सोडायचा, कुठला परत घ्यायचा, कोणत्या सरदाराला कुठं पाठवायचं, पैसा कुठून आणायचा, या हिशेबावर झालं. खमक्या नायिकेसाठी आपल्याला कुठं लांब जायची गरज नाही.

अनुवादित पुस्तक घेणार असाल तर आणखी एक कसोटी, आणि ही माझी फार आवडती आहे. एखादा संवाद मनातल्या मनात न वाचता ओठ हलवून वाचा. जीभ अडखळली तर वेग तिथंच मेला. मूळ पुस्तक कितीही वेगवान असो, "मला भीती वाटते की तुम्ही चुकीच्या व्यक्तीशी बोलत आहात" असं कुणी पिस्तूल रोखून बोलत नाही. आपल्या भाषेकडे तू आणि तुम्ही आहे. हे केवढं मोठं हत्यार आहे! खलनायक पहिल्या भेटीत म्हणतो, "बसा मॅडम." चौथ्या मिनिटाला खिडकीचा पडदा ओढून म्हणतो, "बस." एका अक्षराच्या फरकानं खोलीतली हवा बदलते. आणि नायिका त्याला शेवटपर्यंत "तुम्ही"च म्हणत राहिली तर तिचा थंडपणा वेगळा सांगावा लागत नाही. चांगला अनुवादक या जागा शोधून काढतो. निष्काळजी अनुवादक पहिल्यापासून सगळ्यांना एकाच सुरात बोलायला लावतो.

आणि एखाद्यानं नायिका आपल्या कोल्हापूरची दाखवली असेल तर मी आधी तिची क्रियापदं बघते. आपल्याकडं कितीतरी घरांत बायका "मी येतो", "मी करतो" असंच बोलतात. माझी आई आयुष्यभर तसंच बोलली, मंगळवार पेठेतल्या काकूही. पुस्तकी भाषा लिहिता लिहिता माझं ते सुटत गेलं, याचं वाईट वाटतं. एखाद्या कादंबरीत पाठलागाच्या ऐन धांदलीत कुणी बाई फोनवर "थांब, मी आलो" म्हणाली, आणि लेखकानं ते सुधारून "आले" केलं नाही, तर मी त्या लेखकाचं पुढचं पुस्तक न बघता विकत घेते.

वाचायची वेळ आणि पद्धत याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक युक्ती मात्र उपयोगाची आहे. या कादंबऱ्यांत प्रकरणाचा शेवट मुद्दाम असा केलेला असतो की पुस्तक खाली ठेवताच येऊ नये. दार उघडतं आणि समोर मेलेला माणूस उभा, असं काहीतरी. तिथं थांबायचा प्रयत्न केला तर झोप लागत नाही. त्याऐवजी पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचा आणि मग थांबा. तोवर त्या धक्क्याचं उत्तर मिळालेलं असतं आणि पुढचा ताण अजून चढलेला नसतो. मी वाचनालयातल्या कितीतरी बायकांना हे सांगितलं, त्यांची सकाळची धांदल वाचली. खुणेला जाडसर कागदाची पट्टी ठेवा आणि तिच्यावरच पात्रांची नावं लिहीत जा, परकी नावं असतील तर हे फारच कामी येतं. कानानं ऐकणार असाल तर वेग वाढवून ऐकू नका; ते सात सेकंद नेमके त्यात कापले जातात.

आणि जे पुस्तक खरंच आवडलं ते महिन्याभरानं पुन्हा उघडा. निकाल माहीत असताना खडाखडी बघण्यात वेगळीच मजा आहे. पहिल्या प्रकरणात ज्या माणसानं नायिकेला पाणी दिलं होतं तोच शेवटी दगाबाज निघाला, तर ते पाणी देतानाच लेखकानं काय पेरून ठेवलं होतं ते आता दिसेल. कदाचित त्यानं पेला डाव्या हातानं दिलेला असेल.

सासऱ्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका, पण त्यांच्याशी वाद घालायलाही जाऊ नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून या गावाला पुस्तकं देतंय. लहानपणी वडील मला तिथं न्यायचे. ते स्वतः संतवाङ्मय वाचायचे, आणि घरी परतताना माझ्या हातातल्या रहस्यकथेकडे बघून एकच प्रश्न विचारायचे, "काय केलं मग तिनं?" मी बिंदू चौकापर्यंत सांगत यायची. एखाद्या संध्याकाळी जेवणानंतर सासऱ्यांना तो रुग्णवाहिकेचा प्रसंग सांगून बघा, शिये फाट्यावर आणून सोडा आणि विचारा, तुम्ही असता तर कुठल्या रस्त्यानं गेला असता? महापूर पाहिलेला माणूस आहे. ते उत्तर देतील, आणि रस्त्यांची तुमच्यापेक्षा जास्त माहितीही देतील.

लेकीचं. नववीतल्या मुलीला हे पुस्तक द्यावं का, हे ठरवायला तुम्हाला ते दुसऱ्यांदा वाचावं लागेल, आणि ते या आठवड्यातच वाचा. मारामारी, रक्त, याची मी फारशी चिंता करत नाही. त्या वयाची मुलं पडद्यावर त्याहून भयंकर बघतात. मी दोन गोष्टी बघते. बाईवरचा अत्याचार चवीनं, लांबण लावून वर्णन केलाय का? तसं असेल तर देऊ नका, दुसरं शोधा. आणि छळ करून माहिती काढणं हे सोपं, योग्य, लगेच फळ देणारं म्हणून दाखवलंय का? तसं असेल तर द्या, पण त्या पानाबद्दल तिच्याशी बोला.

द्यायचं ठरलं तर एकच प्रत दोघींनी मिळून वाचा. तुमची पेन्सिल काळी, तिची निळी. जिथं जिथं थांबाल तिथं समासात टिंब. तुम्ही पुन्हा वाचताय, म्हणून तुम्हाला निकाल माहीत आहे, तो चेहऱ्यावरसुद्धा दिसू देऊ नका. ती तुमच्या पुढं निघून जाईल, जाऊ द्या. पुस्तक संपल्यावर दोघींचे टिंब शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथं तिचं आहे आणि तुमचं नाही, त्या पानावर तिला विचारा की इथं तुला काय वाटलं होतं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या उडीपाशी तिचं टिंब असेल, असा माझा अंदाज आहे.